साखर आणि खालची खाज: कसं ओळखायचं, कसं सांगायचं, काय करायचं

मी ३१ वर्षं आरोग्य सेविका होते, सातारा जिल्ह्यातल्या दोन उपकेंद्रांत मिळून. बाळंतपणं केली, लशी टोचल्या, तांब्या (कॉपर-टी) बसवल्या, घरोघरी हिंडले. वयाच्या ४४व्या वर्षी मला स्वतःला मधुमेह निघाला. आज मी ६० वर्षांची आहे. या १६ वर्षांत माझ्या डोळ्यांचा पडदा तपासला, लघवीतलं प्रोटीन तपासलं, तळपायाला दोरा लावून ‘कळतंय का’ असं कितीदा तरी विचारलं. ‘ताई, योनीमार्गाला खाज, आग, कोरडेपणा असा काही त्रास आहे का?’ हे मात्र एकदाही कुणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. गावातल्या बायकांना ‘लाजू नका, सांगा’ म्हणत आयुष्य गेलं, पण स्वतःची वेळ आली तेव्हा दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. त्या दोन वर्षांत मी रात्र रात्र जागले, चुकीची औषधं लावली आणि नवऱ्यापासून लांब झोपायला लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून मला जे कळलं ते लिहिते आहे.

आधी शब्दाचं बोलते, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे सगळ्यालाच ‘लघवीची जागा’ म्हणतात. बाई दवाखान्यात सांगते, ‘लघवीच्या जागी आग होते.’ डॉक्टर लघवी तपासायला पाठवतात, अँटिबायोटिक देतात, आणि खाज आणखी वाढते. कारण त्रास लघवीच्या मार्गाचा नसून योनीमार्गाचा असतो, आणि अँटिबायोटिकने योनीतले चांगले जंतू मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून सांगताना फोड करून सांगा. लघवी करताना आतून आग होते, की लघवी बाहेरच्या चिरलेल्या कातडीला लागली की झोंबतं? खाज बाहेर आहे की आत? पाळी येते तो मार्ग म्हणजे योनीमार्ग. हा शब्द मोठ्याने म्हणायची सवय घरी एकटं असताना करा. मी केली होती.

साखरेचा आणि याचा संबंध काय, ते थोडक्यात सांगते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते. त्या गोड ओलाव्यावर कॅंडिडा नावाची बुरशी वाढते. ही बुरशी पुष्कळ बायकांच्या अंगात एरवीही थोडीफार असते, ती कुणाकडून ‘लागलेली’ नसते. साखर वाढलेली असली की शरीराची तिच्याशी लढायची ताकदही कमी पडते. दुसरी गोष्ट हळूहळू घडते. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. पायाला मुंग्या येतात ना, तेच योनीच्या भागातही होतं. ओलावा सुटत नाही, स्पर्श नीट कळत नाही. त्यात पाळी जायचं वय आलं की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं आणि कोरडेपणा दुप्पट होतो. माझ्या बाबतीत ४७व्या वर्षी दोन्ही एकदम आलं.

म्हणून खाज सुटली की पहिलं काम म्हणजे साखर तपासायची. मलम नंतर. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बऱ्याच दिवसांत झाली नसेल तर तीही. मधुमेह असल्याचं माहीतच नाही अशा बाईलाही मी हेच सांगेन. ‘अंगावरून पांढरं जातंय, खाजतंय, तिसऱ्यांदा झालंय’ असं सांगत आलेल्या बाईच्या बोटाला टोचलं आणि मीटरवर ३०० च्या वर आकडा आला, हे मी उपकेंद्रात बरेचदा पाहिलं आहे. कित्येक जणींना खाजेमुळेच आपला मधुमेह कळतो. ३० वर्षांपुढच्या बायकांची साखर आणि बीपी सरकारी केंद्रात मोफत तपासतात, त्यासाठी पैशाचं कारण नको.

ओळखायचं कसं? बुरशी असेल तर खाज जबरदस्त असते, रात्री जास्त. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, कागदाने कापावं तशा बारीक चिरा पडतात. अंगावरून जातं ते घट्ट, फुटलेल्या दह्यासारखं असतं आणि त्याला फारसा वास नसतो. पातळ, करड्या रंगाचं, मासळीसारख्या वासाचं जात असेल तर ते बहुतेक जिवाणूंमुळे असतं. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर आणखी वेगळं दुखणं, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. कातडीवर पांढरे, पातळ कागदासारखे चट्टे असतील तर तो कातडीचा आजार असू शकतो, तो डॉक्टरांना दाखवावाच लागतो. हे एवढ्यासाठीच सांगते की तुम्हाला नीट वर्णन करता यावं. यावरून स्वतःच औषध ठरवू नका. मी नर्स असून माझा अंदाज चुकला होता.

माझी चूक काय झाली ते सांगते, कारण तीच चूक मी दर दुसऱ्या घरात पाहते. मी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं औषध एकत्र असलेली. स्वस्त, चिठ्ठीशिवाय मिळणारी. लावली की दोन तासांत खाज थांबायची. चार दिवसांनी परत सुरू, मग परत लावायची. असे सात महिने गेले. स्टेरॉइड खाज दाबतं, बुरशी मारत नाही, उलट तिला वाढू देतं, आणि तिथली नाजूक कातडी पातळ करून टाकतं. शेवटी बुरशी जांघेत उतरली आणि नायट्यासारखी मांडीपर्यंत पसरली. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं तर ती योनीच्या भागाला लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवा आणि खरं सांगा, किती दिवस लावली ते.

आता डॉक्टरांना सांगायचं कसं. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहा. मी शेवटी तेच केलं. वहीचा अर्धा कागद, त्यावर लिहिलं होतं:

‘चार महिन्यांत तिसऱ्यांदा योनीमार्गाला खाज आणि दह्यासारखं पांढरं जातं. बाहेर चिरा पडल्या आहेत. संबंधाच्या वेळी खूप दुखतं, कोरडं वाटतं. साखर उपाशी १९४, जेवणानंतर २८६. पाळी जाऊन दहा महिने झाले. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब सात महिने लावली. चालू गोळ्यांची नावं मागे लिहिली आहेत.’

केसपेपरबरोबर हा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरीण बाईंनी वाचला, मान वर केली आणि सिस्टरला दार लावायला सांगितलं. बाकी मला काही बोलावं लागलं नाही. तुम्हीही असंच लिहा, आपल्या आकड्यांनी. ‘संबंधाच्या वेळी दुखतं’ ही ओळ खोडू नका. मी पहिल्या कागदावरून ती खोडली होती, दुसऱ्या कागदावर परत लिहिली. ती ओळ नसती तर मला खाजेचं औषध मिळालं असतं आणि कोरडेपणा तसाच राहिला असता.

डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना सिस्टरला थांबवून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सासू किंवा मुलगा बरोबर आला असेल तर ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ असं डॉक्टरांनीच म्हणावं, अशी विनंती चिठ्ठीतच लिहिता येते. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. तपासणीच्या दिवशी आत मलम किंवा गोळी ठेवू नका, नाहीतर स्वॅबमध्ये, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेल्या आतल्या नमुन्यात, काही दिसत नाही. आणि त्रास वर्षात तीनदा किंवा त्याहून जास्त झाला असेल तर स्वॅबचं कल्चर करायचं का, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ती कोणती ते पाहायचं का, हे विचाराच. कॅंडिडाचा ग्लॅब्राटा म्हणून एक प्रकार आहे, तो मधुमेह असलेल्या बायकांत जास्त आढळतो, आणि नेहमीच्या गोळीला तो दाद देत नाही. त्याचं औषध वेगळं असतं.

औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या.

पहिली फ्लुकोनाझोलची. बुरशीची नेहमीची गोळी हीच, १५० मिलिग्रॅमची. एरवी एक पुरते, मधुमेह असेल किंवा त्रास जास्त असेल तर डॉक्टर तीन तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीन देतात. पण तुम्ही साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा त्याच जातीची गोळी घेत असाल, तर फ्लुकोनाझोल त्या गोळीचा असर वाढवतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. माझी दुसरी गोळी नेमकी संकष्टीच्या दिवशी आली. दिवसभर पोटात शेंगदाण्याचे दोन लाडू, त्यात ग्लिमेपिराइड घेतलेलं. संध्याकाळी पाचला हातपाय थरथरायला लागले, घामाने ब्लाउज भिजला. मीटरवर ६१. चंद्रोदयाची वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायले. तेव्हा ही गोळी लिहून देत असतील तर ‘मी ग्लिमेपिराइड घेते, चालेल ना?’ एवढं विचारा. कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा. त्या दिवसांत उपास करू नका आणि साखर रोज तपासा. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. अशा वेळी आत ठेवायची गोळी किंवा मलम डॉक्टर देतात.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची वाटते, कारण ती आता घरोघरी झाली आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आलं की समजा, ही गोळी साखर लघवीतून बाहेर काढते. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, मग ती स्वस्त झाली आणि आमच्या तालुक्यातल्या चिठ्ठ्यांवरही सर्रास दिसायला लागली. गोळी चांगली आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा फायदा होतो. पण लघवीत सतत साखर, म्हणजे बुरशीला सतत खाऊ. ही गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत खाज सुरू झाली तर तो योगायोग समजू नका. आमच्या आळीतली एक बाई या गोळीमुळे खाज होते हे न कळून चार महिने गर्भपिशवीला काहीतरी झालंय या भीतीत जगत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय करायचं? गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लघवी झाली की दरवेळी साध्या पाण्याने धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं, निथळायला ठेवायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं. एवढ्यानेच पुष्कळ जणींचा त्रास थांबतो. तरीही पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते. उलट्या-जुलाब होत असतील, ताप असेल, कडक उपास करायचा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी चालू ठेवायची का हे आधी विचारून घ्यायचं. कारण अशा वेळी मीटरवर साखर फार नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि ते जिवावर बेतणारं असतं.

आत ठेवायची गोळी, म्हणजे क्लोट्रिमाझोलची, रात्री झोपताना ठेवायची. हात साबणाने धुऊन, पाठीवर पडून, गुडघे वर घेऊन, बोट जाईल तितकी आत सरकवायची आणि मग उठायचं नाही. सकाळी थोडं पांढरं बाहेर येतं, ते औषध असतं. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका. जितक्या रात्री सांगितल्या तितक्या पुऱ्या करा. या दिवसांत निरोधवर विसंबू नका, या औषधाने त्याचं रबर कमकुवत होतं.

धुण्याबद्दल बायकांना मी जितकं सांगितलं असेल तितकं दुसऱ्या कशाबद्दल सांगितलं नाही, आणि तरी घरोघरी तेच दिसतं. तुरटीचं पाणी, कडुलिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, बादलीत जंतुनाशकाचं एक झाकण, आता जाहिरातीतला सुगंधी द्रव. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. तिथलं आम्लपणच जंतूंना दूर ठेवतं, धुतलं की ते निघून जातं. बाहेरून साधं कोमट पाणी, आणि साबण लावायचाच तर बिनवासाचा, दिवसातून एकदा, बाहेरच्या बाजूलाच. शी झाल्यावर पुढून मागे धुवायचं. कढत पाण्याने खाजेवर बरं वाटतं खरं, पण ज्यांच्या नसा मधुमेहाने बधिर झाल्या आहेत त्यांना भाजलेलं कळत नाही. तसा एक फोड मी पाहिला आहे, बरा व्हायला महिना लागला. दही लावू नका, पावडर लावू नका. केस काढायचे असतील तर कात्रीने कमी करा. ब्लेडची बारीक जखमही आपल्याला महागात पडते.

कपड्यांचं म्हणाल तर सुती निकर, घट्ट नको, दिवसातून दोनदा बदला. शेतात कामाला जाणाऱ्या बायकांचा काष्टा घामाने भिजतो आणि तसाच अंगावर वाळतो. दुपारी शक्य असेल तर बदला, निदान रात्री घरी नुसता परकर घालून झोपा, हवा लागू द्या. पाळीत पॅड चार-सहा तासांनी बदला. निकर कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालायची आपली सवय मोडा. तिला ऊन लागलं पाहिजे. माझ्या घरी माझ्या निकरा तारेवर सगळ्यांच्या कपड्यांबरोबर वाळतात. सून सुरुवातीला बिचकली होती, आता तीही तशाच घालते.

उपासाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा त्रास सलग दोन वर्षं नवरात्रानंतर उसळला. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरईचा भात, राजगिऱ्याची चिक्की. उपास म्हणतो आपण, पण सगळं पिठूळ आणि गोड. तिसऱ्या वर्षी मी वहीत आकडे लिहिले. सहाव्या माळेला जेवणानंतरची साखर ३१० होती. तेव्हापासून मी घट बसवते, आरती करते, आणि भाजी-भाकरी-आमटी जेवते. देवीने माझ्यावर राग धरला नाही. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी साबुदाणा तरी सोडावा. दही, ताक, काकडी, शेंगदाणे मापात, भगर एकच वेळ, आणि डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात.

लघवीचं थोडं. बाहेर जायचं म्हणून पाणी न पिणं आणि एसटीत चार तास लघवी तुंबवणं, हे दोन्ही आपल्याला घातक आहे. मधुमेहाने मूत्राशयाच्या नसाही मंदावतात, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर तीन तासांनी, भावना असो-नसो, जाऊन या. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. त्रास असेल तर अँटिबायोटिकआधी कल्चरला लघवी द्या. आणि काहीच त्रास नसताना नुसत्या रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक मागू नका. गरोदरपण सोडलं तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

आता नवरा-बायकोचं. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दुखायचं म्हणून मी टाळायला लागले. आधी कामाचं निमित्त, मग नातवाला कुशीत घेऊन झोपायचं निमित्त. आमचे हे एसटीत मेकॅनिक होते, बोलणं मुळात कमी. त्यांना वाटलं, माझं मन उडालं. मला वाटलं, त्यांना समजणार नाही. शेवटी औषध सुरू झाल्यावर एका रात्री अंगणात बाजेवर बसून सांगितलं, ‘मला तुम्ही नको झाला नाहीत. साखरेमुळे आत कोरडं पडतं, चिरा पडतात, दुखतं. औषध सुरू आहे.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मलाही पुढच्या कातडीला चिरा पडल्यात, सहा महिने झाले, कुणाला सांगू कळेना.’ दुसऱ्या आठवड्यात त्यांची साखर तपासली, २४०. आम्ही दोघंही एकेकटे तेच सोसत होतो.

म्हणून माझं सांगणं असं की दुखत असेल तर दिवसा, शांत वेळी, अंथरुणाबाहेर बोला. एवढी तीन वाक्यं पुरतात: दुखतं, ते साखरेमुळे आहे, माझं मन बदललेलं नाही. नवऱ्याला किंवा सासूला संशय येत असेल तर स्पष्ट सांगा की ही बुरशी बाहेरख्यालीची खूण नाही. गरज पडली तर हेच वाक्य डॉक्टरांना त्यांच्यासमोर बोलायला सांगा. माझ्याकडे आलेल्या एका बाईचं माहेरी पाठवणं असं एका वाक्याने थांबलं होतं. नवऱ्याला खाज, लाली, चिरा असतील तर त्यालाही दाखवायला लावा आणि त्याचीही साखर तपासा.

खाज आणि चिरा असेपर्यंत संबंध नकोत. बरं वाटल्यावर सुरुवात हळू करा. मधुमेहात शरीर तयार व्हायला वेळ लागतो, पूर्वीपेक्षा बराच जास्त. ही तुमची कमतरता नाही, नसांचा वेग कमी झालेला असतो. जवळ घेणं, कुरवाळणं, बोलणं याला वेळ द्या, आणि दुखलं तर थांबायचं हे आधीच ठरवा. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ‘ल्युब्रिकंट जेली’ म्हणून मागा किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. सुगंधी, गरम लागणारी अशी घेऊ नका. खोबरेल तेलावर आपला भरवसा असतो, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, रबर फाटतं. कोरडेपणा रोजचाच असेल, चालताना-बसतानाही टोचत असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा लावायची मॉइश्चरायझर जेली वेगळी मिळते.

पाळी गेलेल्या बायकांना डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात, अगदी थोड्या प्रमाणात. मला पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा असं दिलं होतं. साधारण सहाव्या आठवड्यात फरक जाणवला. ते स्वतःहून आणू नका. स्तनाचा किंवा गर्भपिशवीचा कर्करोग झालेला असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल तर ते आधी सांगायला हवं.

इच्छाच होत नाही, सुख लागत नाही, हेही सांगण्यासारखंच आहे. त्यामागे साखर असते, थकवा असतो, कधी रक्त कमी असतं, कधी थायरॉइड, कधी मन खचलेलं असतं, कधी बीपीची किंवा मनाच्या आजाराची एखादी गोळी. डॉक्टरांना हे कळलं तर शोधता येतं. ‘या वयात काय करायचंय’ असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून गप्प बसू नका. मी ५० व्या वर्षी हे वाक्य दवाखान्यात ऐकलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: संबंधात अंगाला श्रम होतात, त्याने साखर उतरू शकते, कधी नंतर झोपेतही. रात्रीचं जेवण टाळलेलं नसावं, उशाशी साखरेची पुडी असावी. घाम, थरथर, छातीत धडधड झाली की ‘पाळी जायच्या वयातल्या गरम वाफा’ म्हणून सोडून देऊ नका, मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. एचबीए१सी शक्यतो ६.५ च्या खाली आणून मग दिवस राहिले तर बाळासाठी चांगलं. तोवर तांबी चालते. मधुमेह जुना असेल, मूत्रपिंड, डोळे किंवा हृदयावर परिणाम झाला असेल तर पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. मांडीच्या सांध्यात, योनीच्या ओठांवर किंवा शीच्या जागेजवळ सूज येऊन लाल होतंय, दुखणं दिसतं त्यापेक्षा फार जास्त आहे, ताप आहे, कातडी काळपट पडतेय, तर त्याच दिवशी, रात्र असेल तरी, मोठ्या दवाखान्यात जा. मधुमेहात हा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण काही तासांत पसरतो आणि लगेच ऑपरेशन करावं लागतं. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून रक्ताचा एक डाग जरी गेला, तरी त्या आठवड्यात तपासणी. जाडी आणि मधुमेह असलेल्यांना गर्भपिशवीच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात मासिक पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधी असलेलं पाणी जाणं, हे प्रश्न छापलेले आहेत. ओसरीवर माणसं बसलेली असतात म्हणून बायका सगळ्याला ‘नाही’ म्हणतात, आणि आशाताईही पटकन खुणा करून पुढच्या घरी जातात. पुढच्या वेळी त्या आल्या की त्यांना आत, स्वयंपाकघरात घेऊन जा, चहा ठेवा आणि मग उत्तरं द्या.